त्रेचाळिसावं मिश्रण

दि. १४ मार्च, दुपारी अडीच

चि. खारूस,

तुला, जावईबापूंना आणि पाच महिन्यांच्या आमच्या मालकीणबाईंना आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो, त्यामुळे तिचं म्हणणं, घर चुकीच्या मजल्यावर आहे. कामं भरपूर आहेत. उत्तराला पाच दिवस लागले ते कामामुळे नाही.

तुझ्यासाठी मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. पुढचं वाचल्यावर तुला ते आठवावंसं वाटेल की नाही, सांगता येत नाही.

पाळणा. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे, कडा चारशे नंबरच्या काचपेपरने गोल केलेल्या, कारण नुसत्या घासण्यानेही तुझे कोपर लाल व्हायचे. सुती हातमोजे, सात जोड, शिवण बाहेरून. शेजारची शिंपीण म्हणाली होती, भाऊ, तुम्ही पॉलिश मारा, सुईदोरा माझ्याकडे ठेवा. मी एक मोजा उलटा करून तिच्या बोटात घातला. आत एक दोरा लागला नाही तिला. ते मोजे घालून तू दोन्ही हात छातीशी धरून झोपायचीस, खारीसारखी, म्हणून तुझं नाव खार. मग दुहेरी तळाची बादली, कपड्यांत साबण राहू नये म्हणून. नखांऐवजी घासायला शिसवी लाकडाची गुळगुळीत वडी. तिला तू मासा म्हणायचीस आणि शाळेत दप्तरात घेऊन जायचीस. शाळेच्या बाकावर टाकायला पावणेदोन इंच जाडीची गादी. आणि मेणाच्या मलमाची डबी.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली. लाकूड, लाख, स्पिरिट, मेण, तेल हे सगळं मी बघून, वाचून आणि चुकून शिकलो. हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो, तुला तर पाठच आहे. आज शेवटचं ऐकून घे.

आता तुझं पत्र. तू तीन गोष्टी लिहिल्यास. एक, कोपरांच्या आत आणि मानेवर पुन्हा पेटलंय, डबी पूर्वीसारखी पुरत नाही, तेव्हा मोठ्या सहा पाठवा. दोन, डॉक्टरबाईंनी बावीस तारखेला इंजेक्शन सुरू करायचं ठरवलंय, पण ती वेळ तू रद्द करणार आहेस, कारण घरचं शुद्ध मेण असताना सुया कशाला. तीन, बाळाच्या गालांवर आणि गुडघ्यांमागे लाल चट्टे आलेत, म्हणून तिच्यासाठी एक छोटी डबी वेगळी पाठवा, झाकणावर तिचं नाव कोरून.

आणि शेवटी गंमत म्हणून लिहिलंस, की डॉक्टरबाईंनी तुला तीनदा विचारलं, स्टेरॉइडचं मलम लावत होतीस का, आणि तू म्हणालीस, तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही.

ते वाक्य वाचून मी पत्र घडी करून बोळ्यांच्या डब्यात ठेवलं, ज्या कापसाच्या बोळ्यांनी पॉलिश मारतो त्यांच्यात. दुसऱ्या दिवशी बोळा घ्यायला हात घातला तर आधी पत्रच हाताला आलं.

तुला एका कामाबद्दल सांगायचंय. मुद्द्याला बगल देतोय असं वाटेल, थोडी देतोयही, पण वाच.

गेल्या महिन्यात एका संशोधन संस्थेत सहा दिवस काम होतं. तिसऱ्या मजल्यावर एक संशोधक बाई आहेत, चाळिशीच्या, बोलताना पेन्सिल केसांत खोचून ठेवतात आणि मग टेबलावर शोधतात. त्यांच्या खोलीत भिंतीला लागून जुनं सागवानी कपाट. दारावरचा व्हिनियरचा पातळ पापुद्रा फुगलेला. दोन वर्षांत दोनदा पॉलिश करून घेतलं होतं, दोन्ही वेळा सहा महिन्यांत पुन्हा फोड. त्या म्हणाल्या, काका, या वेळी जरा जाड थर द्या.

मी कपाट हातभर पुढे ओढलं आणि मागे गेलो. पाठीच्या फळीला हात लावला. ओली. भिंतीत नळ गळत होता. मग मला चेव आला. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी त्यांना बोलावून फळी दाखवली आणि म्हटलं, बाई, वरून दहा थर द्या नाहीतर शंभर, ओल मागून येते तोवर पुढचं दार फुगणारच. आधीच्या दोघांनी तुमचं दार रंगवलं, कपाट बघितलंच नाही.

त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, “काका, तुम्ही जे एका वाक्यात सांगितलंत, तेच मी बारा वर्षं लोकांना समजावतेय. फक्त माझं कपाट म्हणजे माणसाची कातडी.”

मी विचारलं, कुठला आजार. त्यांनी तुझ्या आजाराचं नाव घेतलं.

पुढचे पाच दिवस मी त्यांच्या चहाच्या वेळेला माझा चहा घेतला. सगळं विचारलं, कळलं नाही तिथे पुन्हा विचारलं. त्या काचपेपरच्या पाठीवर आकृत्या काढून द्यायच्या. तीन तुकडे मी जपून ठेवलेत, या पाकिटात घालतोय. मला समजलं ते असं.

आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात, आणि त्या एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप म्हणजे इवले इवले रेणू. त्यांना सायटोकाईन म्हणतात. त्यांतल्या कित्येकांना नावंही धड नाहीत, गोदामातल्या मालासारखे नंबर आहेत: इंटरल्यूकिन चार, तेरा, एकतीस. तुझ्यासारख्यांच्या अंगात चार आणि तेरा नंबरचे निरोप गरजेपेक्षा फार सुटतात. ते कातडीच्या पेशींना जाऊन सांगतात, भिंत बांधायचं सोडा, शत्रू आलाय. मग कातडी आपलं स्वतःचं तेल आणि चिवटपणा बनवणं कमी करते. भिंत विरविरीत होते, बाहेरचं काहीबाही आत शिरतं, त्यावर कातडी स्वतःच आणखी निरोप पाठवते, आणखी पहारेकरी धावत येतात. एकतीस नंबरचा तर थेट खाजेच्या नसेला जाऊन भिडतो. माणूस खाजवतो, भिंत आणखी फाटते, आणि तिकडे पुन्हा बोंब उठते. शत्रू मात्र बहुतेक वेळा कुणी आलेलाच नसतो.

मी म्हटलं, पण सुरुवात कोरडेपणानेच होते ना? कोरडी कातडी, मग भेगा, मग बाकीचं? मी पंचवीस वर्षं हेच धरून बसलो होतो. कातडी म्हणजे लाकूड. सुकलं की तडकतं. मेण भरा, तेल पाजा, वरून बंद करा.

त्या म्हणाल्या, तसंही होतं. काही लोकांची भिंत जन्मतःच पातळ असते, त्यामुळे तुमचं मेण अगदीच फुकट जात नाही, मीही माझ्या पेशंटांना काहीतरी चोपडायला सांगतेच. पण मग त्यांनी मला एका कपाटाशी नेलं. आत काचेच्या चपट्या बश्या. त्यांत निरोगी कातडीच्या पेशी वाढवलेल्या. त्यांतल्या एका बशीला कुणी घासलं नव्हतं, सुकवलं नव्हतं, साबण लावला नव्हता. त्यात फक्त चार आणि तेरा नंबरचे निरोप सोडले होते. शेजारी तशीच दुसरी बशी, निरोपाशिवाय. दोन्हींचे मोठे केलेले फोटो त्यांनी समोर धरले. पहिल्या बशीतली भिंत तुझ्या कोपरासारखी दिसत होती.

मी त्या दिवशी दुपारनंतर काम केलं नाही. हात बरा नाही म्हणून सांगितलं.

खारू, तू सात वर्षांची होतीस तेव्हा आम्ही तुला त्वचेच्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारा माणूस. ते म्हणाले होते, हे आतलं आहे, वरून मेण लावून भागणार नाही. त्यांनी पंधरा ग्रॅमची एक ट्यूब दिली आणि चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं: दिवसातून एकदा, पातळ, सात दिवस, मग दाखवायला या, चेहऱ्याला नाही. मी त्यांच्याशी भांडलो. जिन्यातसुद्धा भांडत होतो, ते वर होते आणि मी खाली. घरी येऊन आईला सांगितलं की हे लोक स्टेरॉइड देऊन कातडी मारतात, मी माझ्या पोरीला स्वतः बरी करीन. ट्यूब ब्रशांच्या खणात टाकली.

त्यानंतर बेचाळीस मिश्रणं केली. वहीत सगळी आहेत, तारखेसकट, मापांसकट. प्रत्येकाने थोडं बरं वाटायचं, प्रत्येक वेळी पुन्हा पेटायचं. मग एक दिवस तू शाळेतून आलीस तेव्हा सदऱ्याची बाही कोपराला चिकटली होती. आई ती कोमट पाण्याने भिजवून दोऱ्यादोऱ्याने सोडवत होती. तू रडत नव्हतीस, मासा घट्ट धरून बसली होतीस. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्या मी हिला त्या डॉक्टरांकडे नेते. तुम्ही यायची गरज नाही.”

त्या दुपारी त्रेचाळिसावं मिश्रण शेगडीवर होतं. मी ते उतरवलं, बोटाला सोसवेल इतकं निवू दिलं, खण उघडला आणि ती ट्यूब त्यात पूर्ण पिळली. एकशे पस्तीस ग्रॅम मिश्रणात पंधरा ग्रॅम. नवाला एक. मग ढवळलं आणि डबीत ओतलं.

वहीत लिहिलं, मेण पाव भाग वाढवलं.

त्या वहीत तेवढी एकच ओळ खोटी आहे. बाकी पानं कुणीही तपासावीत.

चार दिवसांत तुझे कोपर निवळले. आई तुला डॉक्टरांकडे घेऊन गेली नाही. डबीने गुण आला असं पाच घरी सांगून मात्र आली. तू शाळेत निबंध लिहिलास, माझे बाबा, आणि त्यात डबीवर सात ओळी होत्या. मी तो फ्रेम करून दुकानात लावला. आता सांग, त्यानंतर खरं कधी सांगायचं होतं मी?

नंतरची एकवीस वर्षं मी तीन औषधवाल्यांकडून आळीपाळीने ट्यूबा आणल्या. पुलापलीकडचा मला खाजवाले काका म्हणायचा. त्याला वाटायचं आजार मलाच आहे. मी नाही म्हणायचो नाही. एकदा गिऱ्हाईकं होती म्हणून मान खाजवूनही दाखवली. दुसऱ्यांना दिलेल्या डब्या नुसत्या मेणाच्या असायच्या, तुझीच तेवढी वेगळी. आणि मनाची समजूतही तयार होती, माझ्या धंद्यातलीच. तेलाचा रंग लवकर वाळावा म्हणून आपण त्यात दोन थेंब ड्रायर टाकतो. कपाट ड्रायरने रंगवलं असं कुणी म्हणतं का? ट्यूब म्हणजे ड्रायर. बाकी सगळं माझं मेण. हे मी इतक्या वेळा घोकलं की संस्थेतल्या त्या कपाटामागे उभा राहून बाईंना उपदेश करतानासुद्धा मला स्वतःचं काही आठवलं नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांना विचारलं, स्टेरॉइडचं मलम काय करतं? म्हटलं, शेजाऱ्यांच्या मुलीसाठी विचारतोय.

त्या म्हणाल्या, ते पुष्कळशा निरोप्यांची तोंडं एकदम बंद करतं. फार कामाचं औषध आहे, नीट वापरलं तर भिण्यासारखं काही नाही. किती, कुठे, किती दिवस आणि कधी थांबायचं, हे कळायला हवं. न कळता वर्षानुवर्षं तेच लावत राहिलं, तर कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि मध्येच बंद केलं की कधी कधी जास्त जोराने उसळतं. नवी इंजेक्शनं सगळ्यांची तोंडं बंद करत नाहीत. चार आणि तेरा नंबरचे निरोप ज्या दारातून आत जातात, तेवढंच दार अडवतात. मग विचारलं त्यांनी, “शेजाऱ्यांच्या मुलीला माहीत आहे का ती काय लावतेय?”

मी म्हटलं, नाही.

त्यांनी पेन्सिल शोधली. केसांतच होती. मला वाटतं, शेजारी कोण ते त्यांना कळलं असावं.

तुझ्या कोपरांच्या आतल्या निळ्या शिरा मी मागच्या खेपेला पाहिल्या होत्या. बाळाला आंघोळ घालत होतीस, बाह्या वर होत्या. कातडी पतंगाच्या कागदासारखी. मी म्हटलं, वाळलीस गं. तू म्हणालीस, झोप नाही बाबा. आणि मी तो विषय तिथे ठेवून दिला. डब्या संपल्या की तुझं जास्त पेटायचं, त्याबद्दल तू तिकडच्या पाण्याला नावं ठेवायचीस. तेही मी ऐकून घेतलं. पाणी चांगलं असेल तुमचं.

ट्यूब वाईट नव्हती, हे नीट लक्षात ठेव, नाहीतर माझ्यामुळे तू आणखी एका औषधाला भिशील. ती डॉक्टरांनी हातात दिली होती, चिठ्ठीवर दिवस मोजून. ते सात दिवस मी मोजलेच नाहीत. आणि तुला वाटत राहिलं की हे मेण आहे, तेव्हा तू ते पापण्यांना लावलंस, मानेला लावलंस, परीक्षेच्या दिवसांत दिवसातून चारदा लावलंस. माझ्या समोर. मी मापात एवढा काटेकोर, पण तुझ्या अंगावर किती गेलं ते मला सांगता येणार नाही.

आता काय करायचं ते लिहितो. घरात जेवढ्या डब्या आहेत, भरलेल्या, अर्ध्या, सगळ्या, आणि हे पत्र, घेऊन बावीस तारखेच्या आत डॉक्टरबाईंकडे जा. वेळ रद्द करू नकोस. ट्यूबचं नाव आणि प्रमाण वेगळ्या कागदावर लिहून जोडलंय, सहा वर्षांपूर्वी ट्यूब बदलली तेही लिहिलंय, दुसरी जास्त कडक होती. डबी एकदम बंद करायची की हळूहळू, ते त्या ठरवतील, तू नाही, मी तर नाहीच. इंजेक्शन घ्यायचं की नाही तेही त्यांच्याशी बोलून ठरव, पण बाबांचं मेण आहे म्हणून नको, असं ठरवू नकोस. तसं मेण कधी नव्हतं.

बाळाला डबीतलं काही लावू नकोस. याआधी लावलं असशील तर किती दिवस आणि कुठे ते न लाजता सांग; लाज माझी आहे. तिच्यासाठी मी डबी पाठवत नाही. कोरायला घेतलेलं झाकण फळीवर तसंच आहे, नावाची दोन अक्षरं झालीत.

आईला परवा सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “म्हणजे एकवीस वर्षं मी लोकांना काय सांगत होते?” ती उठली, फळीवरच्या डब्या काढून टोपलीत ठेवल्या, टोपली माझ्या पुढ्यात आणून ठेवली. आणि जाता जाता म्हणाली, पत्र लिहा, फोन नको, फोनवर तुम्ही शेवटी तिलाच तुमची समजूत काढायला लावाल. आणि अक्षर नीट काढा, डॉक्टरांना वाचायचंय. त्यानंतर ती माझ्याशी गरजेपुरतं बोलते. जेवण वेळेवर मिळतं.

तुला राग येईल. तो आईला सांग, जावईबापूंना सांग, मला लिहायचा असेल तर लिही. मी उत्तरात सारवासारव करणार नाही. बरेच दिवस लिहिलं नाहीस तरी मी समजेन, फक्त बावीस तारखेला गेलीस एवढं आईला कळव.

एक राहिलं. तू मनाने मोठी आहेस, माझ्यासाठी वाट काढशील. म्हणशील, बाबांना कळलं नव्हतं, मेणानेच गुण येतो असं त्यांना खरंच वाटत होतं. तशी वाट मी ठेवत नाही. तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मलमाच्या कारखान्याचा तो माणूस टेबल पॉलिश करायला घेऊन आला होता. तुझे हात आणि तुझे जुने फोटो बघून त्याने डबीची कृती विकत मागितली, झाकणावर माझा फोटो छापायचा म्हणाला. अट एकच होती, तुझ्या वापरातली एक डबी त्यांच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायची. त्याचा चहा संपायच्या आत मी नाही म्हटलं. तू दाराशी उभी होतीस. तो गेल्यावर म्हणालीस, “बाबा, तुम्ही विकले गेला नाहीत,” आणि सासरी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ते सांगितलंस. आकडा विचारला होतास, मी सांगितला नव्हता. डबीत काय निघेल ते मला माहीत होतं, म्हणून मी ती दिली नाही, दुसरं कारण नव्हतं. ते साडेअकरा लाख देत होते.

तुझा,
बाबा